अंगणातलं लाल पाणी

"लक्ष्मणरावची जीप गेली समज आता. लाखनीच्या चंद्रकुमारसंग बोलनं बी झालं म्हनते. रीनाचं साक्षगंध आटपलं का दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन येते आन्..."

भिंतीपलीकडून कुंताबाई घरी आलेल्या ललिताबाईंना इथवरच सांगू शकल्या आणि समोरची भातगिरणी सुरू झाली. पुढचं सगळं धानासोबत भरडलं गेलं.

मी बोलतेय ती हीच जीप. सानगडीत, तलावाच्या पाळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लक्ष्मणरावांचं घर आहे. त्यांच्या अंगणात मी भिंतीला नाक लावून उभी असते. भिंतीच्या पलीकडे कुंताबाईंचं परसदार. त्यामुळे दोन्ही घरांतलं मला ऐकू येतं. मुद्दाम ऐकायला जात नाही, पण कानावर आलेलं ऐकूच नये एवढी मी मोठ्या मनाची नाही. आणि चंद्रकुमार काय घेतो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. त्याच्या गाडीवरचा भोंगा गावोगाव ओरडत असतो, 'लोखंड, पत्रा, जुनी कूलर, बंद पडलेली मोटर'. म्हणून ते 'येते आन्' माझ्या टाकीत खडा पडल्यासारखं वाजत राहिलं. येते आन् काय? नेते? नुसता पाहून जाते? की चहा पिऊन जाते? चहा पिऊन जाणाऱ्या माणसांबद्दल कुंताबाई एवढ्या हळू आवाजात बोलत नाहीत, हे मला माहीत होतं.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला समजायचं नाही. सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म लांबच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फार आठवत नाही. जन्मतःच कुणीतरी कानाशी हॉर्न वाजवून पाहिला एवढंच आठवतं. मग एका सरकारी खात्यात मला नोकरी लागली. साहेब मागे बसायचे आणि गावात शिरताना पुढे येऊन बसायचे. असं का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रंग उडाला तसं खात्याचं प्रेमही उडालं. मला एका झाडाखाली उभं केलं आणि लिलावात लक्ष्मणरावांनी मला घरी आणलं. शकुनबाईंनी माझ्या चाकांवर पाणी टाकलं, बोनेटला कुंकू लावलं आणि नवऱ्याला विचारलं, "हे इतली म्हातारी काहून आनली जी?" सासरी पहिल्याच दिवशी कुणाला असं विचारू नये. पण नंतर त्यांनीच मला पोरीसारखं धुतलं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तेव्हापासून मी काय काय वाहिलं! धानाची पोती वाहिली. बाळंतपणाच्या बाया साकोलीच्या दवाखान्यात पोचवल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, त्या दिवसांत नाटकमंडळी वाहिली. एकदा तर राजा, सेनापती आणि मिशा लावलेली सासू अशी तिघं दाटीवाटीनं पुढे बसली होती, आणि राजाला उलटी होऊ नये म्हणून सेनापती त्याला लिंबू हुंगवत होता. रीना जन्मली तेव्हा तिला घरी मीच आणलं. ती मोठी झाली, कॉलेज शिकली आणि तलावाच्या पाळीवर माझ्याच स्टिअरिंगवर गाडी चालवायला शिकली. एकदा मला पुढे न्यायच्या ऐवजी मागे नेऊन तिनं म्हशीला तलावात उतरवलं. म्हैस खूश होती, म्हशीचा मालक नव्हता.

माणसांची एक गंमत सांगते. माझं बोनेट उघडलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक पुरुष थांबतो. हात पाठीशी बांधतो, आत वाकून बघतो आणि म्हणतो, "हं." त्याला काही कळलेलं नसतं. पण 'हं' म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही. जाताना माझ्या चाकाला एक लाथ मारतो. चाकाला दुखणं नसलं तरी मारतो.

आता माझ्या दुखण्याचं. ते थंडीचं दुखणं आहे.

पोटातलं पाणी थंड ठेवायला माझ्या नाकाशी रेडिएटर आहे. त्याच्या खालच्या तोंडाला रबरी पाईप आणि पाईपावर आवळायची क्लिप. वय झालं तसं ते रबर कडक झालं. दिवाळीनंतर पहाटे धुकं पडायला लागलं की रबर आकसतं, क्लिप सैल होते आणि माझ्या नाकातून थेंब थेंब पाणी गळतं. भरून निघालं तरी इंजिन गरम होईपर्यंत रस्त्यानं गळतच राहतं. साकोली येता येता गरमीचा काटा वर चढतो आणि मी उकळते. पण एकदा का अंग तापलं, की रबर फुगतं, पाईप घट्ट बसतो आणि मी कोरडी ठणठणीत. लक्ष्मणरावांच्या गुडघ्याचंही तसंच आहे. सकाळी धरतो, दुपारी सुटतो. पण गुडघ्याचं ते शेकोटीशी बसून गावाला सांगतात. माझं मी कुणाला सांगणार?

हे एरवी निभलं असतं. पण यंदा रीनाचं लग्न ठरलं. मुलगा आंबागडचा, प्रितम. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची शेती. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यांच्याच घरी करायचं ठरलं. सानगडी ते आंबागड म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, आणि निघायचं भल्या पहाटे, ऐन थंडीत. रीना म्हणाली, मी जन्मले तेव्हा हिच्यातून घरी आले, साक्षगंधालाही हिच्यातूनच जाईन. शकुनबाई म्हणाल्या, "आन् नवं लुगडं नेसून मी डबा घेऊन रस्त्यानं पानी मांगत फिरू का?"

म्हणून लक्ष्मणराव मला लाखनीला ताराचंद मिस्त्रीकडे घेऊन गेले.

आता बघा, सानगडीहून लाखनीला पोचेपर्यंत मी चांगली तापलेली. ताराचंद माझ्याखाली शिरला, बॅटरी मारून पाहिलं. सगळं कोरडं. ताराचंद हुशार माणूस आहे, पण माझं दुखणं पहाटेचं आणि त्याचं दुकान दहाला उघडतं. त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं. लक्ष्मणराव आजवर माझ्यात तलावाचं पाणी भरत. त्यांचं म्हणणं, या पाण्यावर एवढा धान पिकतो, तर इंजिनाला काय होते? ताराचंदनं ते सगळं काढून टाकलं आणि हिरवं कूलंट, इंजिन थंड ठेवायचं रंगीत पाणी, भरलं. म्हणाला, "भाऊ, आता सकाळी उठून गाडीखाली पाहाजा. हिरवं पडलेलं दिसलं का मले फोन करजा."

झालं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव चहाचा कप घेऊन ओसरीवर आले आणि अंगणाकडे बघतच राहिले.

आपल्याकडे पहाटे उठल्याबरोबर बाया काय करतात हे त्या लाखनीच्या दुकानात बसून ताराचंदच्या डोक्यात आलं नव्हतं. शकुनबाई उजाडायच्या आत शेणाचा सडा टाकतात. त्यात घरात साक्षगंध, म्हणून सडा दाट. माझ्या बंपरखालीसुद्धा हात घालून, भिंतीच्या बुडापर्यंत. माझं हिरवं त्यांच्या हिरव्यात कधीच मिसळून गेलं होतं.

लक्ष्मणरावांनी फोन लावला.

"ताराचंद, हिरवं पडलं हाय."

"किती पडलं?"

लक्ष्मणरावांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "सारं आंगन."

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. मग ताराचंद म्हणाला, "भाऊ, इतलं कूलंट तं माझ्या दुकानात बी नाई."

उलगडा झाला तेव्हा दोघंही हसले. त्या दिवशी पुन्हा लाखनीची चक्कर झाली. ताराचंदनं हिरवं काढून लाल भरलं. म्हणाला, शेण काही लाल नसते, आता चुकायची गोष्ट नाही. लक्ष्मणरावांनाही ते पटलं. पण घरी आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली नाही. बायकोला सांगितलं नाही. पुरुषमाणूस गाडीचं बायकोला सांगत नाही आणि भाजीचं बायको नवऱ्याला सांगत नाही. मग भाजी खारट होते आणि गाडी गळते.

पहाटे शकुनबाई सड्याची बादली घेऊन आल्या. धुकं इतकं की मला माझंच नाक दिसेना. भिंतीच्या बुडाशी, माझ्यापुढे, त्यांना लाल पाणी सांडलेलं दिसलं. कुंकवाचं पाणी टाकावं तसं. शकुनबाईंच्या हातातली बादली खाली आली. पोरीचं साक्षगंध चार दिवसांवर, आणि दारात कुणीतरी करणीचं लाल पाणी टाकून गेलं. तेही कुंताबाईंच्या भिंतीच्या बाजूनं.

मी ओरडून सांगणार होते की बाई, हे माझं आहे. पण आमच्याकडे तोंड म्हणून एक हॉर्न आहे, आणि तोही आपणहून वाजत नाही.

शकुनबाईंनी एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. नवरा उठायच्या आत दोन बादल्या सडा त्याच जागी ओतला, वरून रांगोळी काढली आणि माझ्या बंपरला लिंबूमिरच्या बांधल्या. लक्ष्मणराव उठून आले. वाकून पाहिलं. कुठं लाल नाही. रेडिएटरचं झाकण काढलं तर पाणी कमी झालेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेर एक थेंब नाही आणि आत घट. त्यांनी ताराचंदला कळवलं तशी त्याचा आवाजच पडला. बाहेर पडत नाही आणि कमी होते, म्हणजे गाडी आतल्या आत पाणी पिते, म्हणाला. इंजिन पूर्ण खोलावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन खोलायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं पोट फाडायचं.

मी पाणी पिते! एवढं वय झालं, डिझेलशिवाय कशाला तोंड लावलं नाही आणि हा आळ!

लक्ष्मणराव त्या संध्याकाळी माझ्या बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. रीना म्हणाली, "बाबा, आंबागडले हिच्यातच जाऊ. रस्त्यात उकळली तं मंग तुमी म्हनान तसं." लक्ष्मणराव बरं म्हणाले. आणि त्याच्याच दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मी ते ऐकलं, जे तुम्हाला सुरुवातीला सांगितलं. चंद्रकुमार. येते आन्.

माझा विश्वास बसला नाही. कुंताबाईंच्या दहा बातम्यांतल्या पाच शिळ्या असतात आणि उरलेल्या कच्च्या. लक्ष्मणराव माझ्याशी असं करणार नाहीत, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण थंडी वाढली तसं ते सांगणंही सैल होत गेलं.

इकडे भिंतीवरची ये-जा बंद पडली. एरवी दोन्ही घरांतल्या वाट्या भिंतीवर येऊन बसायच्या. इकडून लाखोरीची डाळ जाणार, तिकडून लोणचं येणार. आता शकुनबाई भिंतीकडे बघेनात. कुंताबाईंनी साक्षगंधाला कोणतं लुगडं नेसू म्हणून विचारलं, तर शकुनबाई कोंबड्यांना हाकलत आत निघून गेल्या. कुंताबाई चौकशी फार करतात हे खरं. प्रितमच्या चुलत मामाची जमीन तलावाच्या खाली आहे की वर, हेही त्यांना विचारून झालं होतं. पण त्या पोरीला त्यांनीही मांडीवर खेळवलं होतं. त्यांना ते लागलं. दोन दिवस त्या परसदारात नुसत्या उभ्या राहिल्या. मग रीनानंच भिंतीशी येऊन सांगितलं, की काकू, आईनं काल मला सांगितलं, कुणीतरी दारात लाल पाणी टाकते.

कुंताबाई म्हणाल्या, "आन् ते कोन, तं मी?"

रीना नखानं भिंतीचा पोपडा काढत राहिली.

"थांब," कुंताबाई म्हणाल्या. "पकडूनच देतो."

साक्षगंधाची पहाट. शकुनबाई आंघोळीला गेल्या होत्या. सडा अजून पडायचा होता. भिंतीच्या वर आधी एक शाल दिसली, मग मफलर, मग कुंताबाईंचं नाक. त्या पाटावर चढून उभ्या होत्या. सानगडीत त्या नाकापासून आजवर काही लपलेलं नाही. ते नाक बरोबर माझ्या नाकाच्या वर आलं. मी खाली थेंब सोडला. टप्प. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कुणी नाही. पुन्हा टप्प. त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. तिसऱ्या थेंबाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

असं आजवर मला कुणी पाहिलं नव्हतं. लिलावाच्या वेळीसुद्धा नाही.

"शकुनबाई," त्या भिंतीवरूनच म्हणाल्या, आणि आवाज अजिबात चढवला नाही. "ये माय, तुही करनीवाली सापडली. घरचीच हाय."

शकुनबाई ओल्या केसांनी आल्या. लक्ष्मणराव नव्या धोतरात आले. रीना साक्षगंधाच्या बांगड्या भरून आली. तिघं अंगणातून आणि कुंताबाई भिंतीवरून, चौघंही वाकून माझ्या नाकाखाली बघत होती. थेंब पडला की चौघांच्याही माना एकदम खाली जायच्या. मला इतकी लाज वाटली, की शक्य असतं तर तिथंच भिंतीत शिरले असते.

"लाल तं ताराचंदनं भरलं होतं," लक्ष्मणराव म्हणाले.

"मंग सांगितलं काहून नाई?" शकुनबाई म्हणाल्या.

"तू लाल दिसलं म्हनून काहून नाई सांगितलं?"

दोघंही गप्प झाले. कुंताबाईंनी त्या गप्प बसण्याचा पुरता आनंद घेतला आणि मगच बोलल्या, "आता पानी कुठून येते ते पाहान, का साक्षगंध इथंच लावता?"

रीनानं बांगड्या वर सारल्या आणि माझ्याखाली हात घातला. तिचा हात मला ओळखीचा. खालच्या पाईपाच्या टोकाशी तिचं बोट ओलं झालं. पाईपाचं टोक कडक होऊन चिरलं होतं आणि क्लिप बोटानं फिरत होती. तिनं क्लिप काढली. राहिलेलं लाल पाणी भसकन तिच्या चपलांवर आलं. लक्ष्मणरावांनी विळ्यानं चिरलेलं टोक कापून टाकलं. उरलेला पाईप ताणून बसवला आणि क्लिप पेचकसानं करकचून आवळली. बरीच वर्षं मला कुणी एवढं घट्ट धरलं नव्हतं. मग पोटभर पाणी घातलं. तलावाचंच.

शकुनबाई भिंतीशी गेल्या. पदराला हात पुसले. शेवटी म्हणाल्या, "ते जांभळं लुगडं नेस कुंता. तुले शोभून दिसते." कुंताबाई नेसूनच आल्या होत्या. शालीखाली.

त्या दिवशी आंबागडपर्यंत कुंताबाई मांडीवर पाण्याची बादली धरून बसल्या. खाली ठेवा म्हटलं तर ऐकेनात. चहाला थांबलं की आधी उतरून माझ्याखाली वाकायच्या, मग चहा. साकोली गेली, लाखनीही गेली. लक्ष्मणराव काट्याकडे असं बघत होते जसं माणूस सोयऱ्याच्या तोंडाकडे बघतो. भंडारा आलं, तुमसर आलं. काटा मधोमध. आंबागडचा चढ लागला तेव्हा सगळ्यांच्या माना काट्याकडे वळल्या. बादलीतलं पाणी डुचमळत होतं आणि कुंताबाईंचं जांभळं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं.

मी उकळले नाही.

प्रितमच्या दारात सगळं गाव जमलं होतं. गाडी थांबली. मुलीकडच्या मंडळींपैकी पहिल्या उतरल्या कुंताबाई, आणि कुणाला नमस्कार करायच्या आत सरळ माझ्याखाली वाकल्या. त्यांना बघून लक्ष्मणराव वाकले. पाहुणे वाकले म्हणून प्रितमही वाकला. मग त्याचे काका. प्रितमच्या आजीनं ओसरीवरून विचारलं, "का गा, अंगठी पडली का?"

"नाई आजी," प्रितम खालून म्हणाला. "काहीच नाई पडलं."

लक्ष्मणरावांनी तेव्हा कपाळाचा घाम पुसला. थंडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानगडीत मी कोरड्या नाकानं उभी होते. ताराचंद लाखनीहून नवा पाईप घेऊन मोटारसायकलवर आला आणि बसवून गेला. या खेपेला मात्र तो पहाटे आला. आणि तो जातो न जातो तोच रस्त्यानं भोंगा ऐकू आला. 'लोखंड, पत्रा, जुनी कूलर.' भोंगा आमच्याच दारात थांबला.

चंद्रकुमार उतरला. माझ्याभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "लक्ष्मणराव, बोलावलं होतं ना?"

शकुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रीनानं पाहिलं. भिंतीवरून कुंताबाईंनी पाहिलं. मी तर पाहतच होते.

"बोललो होतो," लक्ष्मणराव म्हणाले. "थंडीत मानूस कायबी बोलते." मग माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

चंद्रकुमारची एवढी मोठी गाडी, पाठवायची तरी रिकामी कशी? शकुनबाईंनी जुना पाईप आणला. लक्ष्मणरावांनी जुनी क्लिप दिली. रीनानं रेडिएटरचं जुनं झाकण शोधून काढलं. त्या एवढ्याशा वस्तू मागच्या रिकाम्या हौद्यात टाकून चंद्रकुमार भोंगा वाजवत निघून गेला. पुढच्या वळणापर्यंत त्या हौद्यात खुळखुळत होत्या.

कुंताबाई भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या, "मी म्हनलंच होतं, चंद्रकुमार येते आन् जीप नेते. नेली ना? थोडीशी."

ते 'आन्' पुढचं मला असं समजलं. मनाला लागायचं तेवढं लागलं. पण बोनेटवरचा हात गरम होता, आणि गरमीत माझं सगळं जागच्या जागी घट्ट बसतं हे तुम्हाला माहीत आहेच.

आता लग्नाची तारीख निघाली आहे. भिंतीवरून वाट्यांची ये-जा सुरू आहे. लाखोरीची डाळ या आठवड्यात दोनदा तिकडे गेली. सडाही रोज पडतो, पण शकुनबाई आधी वाकून माझ्या नाकाखाली बघतात, मगच हात बादलीत घालतात. कुंताबाई भिंतीवरून विचारतात, "कोरडी का?" आणि शकुनबाई सांगतात, "कोरडी."

तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी म्हातारी उभी असेल आणि थंडीत तिचं पाणी कमी होत असेल, तर तिच्यावर लगेच आळ घेऊ नका. पहाटे उठा, सडा पडायच्या आत तिच्यासमोर बसा आणि थोडा वेळ तिच्या नाकाकडे बघत राहा. एकट्यानं बसायला कंटाळा येत असेल तर शेजारणीला बोलवा. ती तशीही जागीच असते.